वाळूची ग्वेन्डा

१

झाडाला बारीक दोरी बांधणाऱ्या माणसाला मी घरात घेत नाही. लोक हसतात. हसू देत. मी आयुष्यभर ताडपत्र्या शिवल्या, घोड्यांचे तंग शिवले, आणि अलीकडे डोंगरात टांगून झोपायच्या कापडी झोळ्या शिवते. कुणी शिकवलं नाही. मशीन माझं, डोळे माझे, बोटात घुसलेल्या सुयाही माझ्याच. अरुंद तंगाने घोड्याचं पोट सोलवटतं हे मी पोरवयात बघितलं. घोडा निदान लाथ तरी झाडतो. आमच्या पठारावरचं स्नो गमचं झाड काय झाडणार? त्याची साल गुळगुळीत, हिरवट-गुलाबी पट्ट्यांची आणि जेमतेम कागदाइतकी जाड. बारीक दोरीवर एक जाडा माणूस रात्रभर घोरला की त्या सालीत वळ उठतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथून झाड वाळायला लागतं.

पुढे जे झालं ते दोरीऐवजी झाडाला बांधायच्या रुंद पट्ट्यांपायीच झालं, म्हणून आधी हे सांगितलं.

शहरातल्या सुट्टीकरूंनी आमच्या राईत नायलॉनच्या दोऱ्या आवळून झाडांची वाट लावली, आणि अभयारण्याच्या समितीने ठरवलं की झोळ्या सरसकट बंद. माझं काय, मी दगडावरही झोपते. पण ग्वेन्डाचं काय? ग्वेन्डा माझ्या नवऱ्याची बहीण. तो गेल्यापासून आम्ही दोघीच. तिचा उजवा खुबा दोनदा बदललाय, तरी ठणकतो. जमिनीवर ती आडवी होऊ शकते, पण मग तिला उठवायला क्रेन लागेल. झोळीत मात्र तो खुबा अधांतरी राहतो आणि बाईला झोप लागते. दर वर्षी ईस्टरनंतर, आमच्याकडचा हिवाळा लागून बर्फ पडायच्या आत, आम्ही दोघी त्या राईत जाऊन राहतो. वर्षभर ती त्याच्यावर काढते.

म्हणून मी समितीच्या बैठकीत जाऊन भांडले, की रुंद पट्ट्याने सालीला काही होत नाही. शेवटी तिथला रेंजर, वॉरिक, म्हणाला, "नोला, तुम्ही सांगता तो पट्टा लावून दाखवा. झाडं मी निवडणार. माणसाएवढं वजन काही दिवस टांगून ठेवायचं. मग मी साल तपासणार. वळ नसला तर रुंद पट्ट्यांना परवानगी. एक जरी वळ दिसला तरी बंद."

"चालेल," मी म्हटलं. मी हरणार नव्हते.

२

पट्टा निवडायला मला माझ्या शेडमध्ये आठवडा लागला. ग्वेन्डा स्टुलावर बसून अक्कल शिकवत होती.

"नायलॉनचा घे की. मऊ असतो."

"मऊ असतो आणि दवात ताणतो. संध्याकाळी कमरेएवढ्या उंचीवर टांगलेली बाई सकाळी गवतात सापडते."

"मग हा? हा दुकानातला. यावर छापलंय, झाडाला सोसतो म्हणून."

"छापणाऱ्याने झाडाला विचारलं होतं का? अंगठ्याएवढा रुंद आहे. दोरीचा धाकटा भाऊ."

मोटारीच्या सीटबेल्टची नवार मी लावून बघितली. गुळगुळीत सालीवरून ती खाली घसरते आणि घसरताना खरवडते. शेवटी पॉलिएस्टरची, चार बोटं रुंद, घट्ट विणीची नवार घेतली. ती ओली झाली तरी ताणत नाही. एका टोकाला फासा शिवला, की नवार बुंध्याभोवती फिरून आपल्याच फाशातून बाहेर यावी आणि गाठ सालीला शिवूही नये. दुसऱ्या टोकाला बक्कल.

"आता वजन," मी म्हटलं. "कुणाचं धरायचं?"

"माझं धर. झोपायचं मला आहे. आणि माझ्याहून जड या खोऱ्यात एक बैल सोडला तर कुणी नाही."

लोकरीच्या गासड्या तोलायच्या काट्यावर मी तिला उभी केली. तिने श्वास रोखून धरला.

"सोड श्वास. काट्याला फरक पडत नाही."

"मला पडतो."

तेवढीच नदीची वाळू आणली. पण नुसती पोती टाकून भागणार नव्हतं. झोळीत माणूस तिरका झोपतो, वजन सगळीकडे सारखं पडत नाही. म्हणून मी धडासाठी एक लांब पिशवी शिवली, पायांसाठी दोन. आणि ग्वेन्डा उजवा गुडघा वर मुडपून झोपते म्हणून उजव्या पायाची पिशवी मधे दुमडून टाचली. अर्धवट काम मला जमत नाही.

ग्वेन्डाने आपली लोकरीची टोपी काढून त्या वाळूच्या धडावर ठेवली आणि लांबून न्याहाळलं.

"नाक विसरलीस," ती म्हणाली. "बाकी हुबेहूब. माझ्यापेक्षा कमी बोलते एवढाच फरक."

आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

३

राईच्या कडेला गुराख्यांची जुनी लाकडी खोपी आहे. परीक्षा संपेपर्यंत आम्ही तिथे मुक्काम ठोकला. चूल, दोन फळ्यांचे पलंग आणि चुलीपुढे एक सैल फळी, तिच्यावर पाय पडला की ती म्हाताऱ्या कुत्र्यासारखी कण्हते. ग्वेन्डा चहाला उठली की आधी काठी वाजायची, मग फळी, मग शिवी.

वॉरिकने दोन झाडं दाखवली, नितळ सालीची. मुद्दाम नाजूक निवडली होती. मी असते तर मीही तेच केलं असतं. मी पट्टे चढवले, झोळी लावली, वाळूची ग्वेन्डा आत निजवली. मग माझी नेहमीची रीत: ताणलेल्या नवारीवर बोटाने टिचकी मारायची. रिकाम्या झोळीचा पट्टा फडफड करतो. आत माणूस असलं की घुमतो, खोल, रिकाम्या पिंपासारखा. त्या आवाजावरून भार नीट बसलाय की नाही ते मला कळतं. पट्टा छान घुमला.

"सकाळ-संध्याकाळ बघत राहीन," मी वॉरिकला म्हटलं.

"मी शेवटच्या दिवशी दुपारी येतो," तो म्हणाला. "तोवर वाळू काढून ठेवा, म्हणजे सालीकडे नीट बघता येईल."

रोज मी नवारीची कड जराशी उचलून खालची साल बघायची. स्वच्छ. माझी छाती फुगत चालली होती.

४

खोपीत मात्र ग्वेन्डाला बरं वाटायला लागलं.

पहिल्या सकाळी ती म्हणाली, "मस्त झोप लागली. रात्रभर कुणी झुलवत होतं असं वाटलं."

"तू फळ्यांवर झोपली होतीस."

"तेच तर. त्या फळ्यांवर!"

दुसऱ्या दिवशी तिने काठी कोपऱ्यात टाकली. खुबा ठणकत नाही म्हणाली. मी म्हटलं, उंचावरची कोरडी हवा. पठारावर धुकं इतकं होतं की चुलीतली लाकडं सुसकारत होती, तरी मी म्हटलं कोरडी हवा. माणसाला कारण लागतं.

मग एकदा मी चुलीपाशी बटाटे सोलत बसले होते आणि मागून ग्वेन्डा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "सालं जाड काढतेस."

मी दचकले. ती पलंगावरून उठून माझ्यापर्यंत आली होती. मधे ती फळी आहे. फळी बोलली नव्हती.

"पुन्हा चाल बघू," मी म्हटलं.

"का?"

"चाल म्हणते ना."

ती चालली. फळीवर मधोमध उभी राहिली, खुशीत गिरकीही घेतली, वर्षानुवर्षांत पहिल्यांदा. फळी गप्प. मी म्हटलं, ओलीने लाकूड फुगलं असेल, बसलं असेल घट्ट. म्हणून मी स्वतः उठून पाय ठेवला. फळी कण्हली.

"तू जाडी झालीस," ग्वेन्डा म्हणाली.

मी हसले नाही. ती उठून गेलेल्या पलंगाकडे बघत होते. घोंगडीवर खळगा नव्हता. ती दुपारभर तिथे लोळली होती आणि घोंगडी मी सकाळी अंथरली होती तशीच, ताठ.

"ग्वेन्डा, तुला कसं वाटतंय?"

"काहीच वाटत नाहीये," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका सुखाचा होता की मी पुढे विचारलं नाही. "तुला कसं सांगू नोला, काहीच म्हणजे काहीच वाटत नाहीये."

५

शेवटच्या दिवशी सकाळी मी वाळू काढायला गेले. गवत दवाने पांढरं झालं होतं, धुकं बुंध्यांच्या कमरेपर्यंत. राई अशा वेळी खोलीसारखी होते. भिंती दिसत नाहीत पण असतात. पक्षी एकही बोलत नव्हता.

धडाची पिशवी ओढून खाली टाकली. मग सरळ पायाची. मग मुडपलेली. टोपी खिशात घातली. पिशव्या उसवून वाळू बाजूला ओतली, कारण परत न्यायला माझी पाठ काही सरकारी गाडी नाही. मग हात झटकून मागे वळले.

झोळी वर आली नव्हती.

कापड हलकं असतं. वजन काढलं की झोळी चिमटते, वाऱ्याला उडते. ही तशीच लोंबत होती, भरलेली, पोटात खोल. मी म्हटलं, दवाने कापड जड झालं. दवाने कापड भिजतं, बाई, त्याला पोट येत नाही. मी म्हटलं, पट्टा ताणून तसाच राहिला. तो ताणत नाही म्हणूनच तर मी निवडला होता.

मी टिचकी मारली. पट्टा घुमला. खोल, भरीव, पहिल्या दिवशीसारखाच.

वरून डोकावून बघितलं. आत काही नव्हतं. थोडी वाळू आणि कापडाच्या सुरकुत्या. सुरकुत्या तिरक्या होत्या, आणि मधे एका जागी कापड आतून दबलं नव्हतं, जणू तिथे गुडघा वर उचललेला होता.

मग मी ते केलं जे करायला नको होतं. खालून तळहात लावला आणि वर ढकललं. वाळू ढकलली की ती सरकते, बाजूला वाहते. हे वाहिलं नाही. हे जरा वर गेलं आणि मग सावरून बसलं, झोपेत कुणी कूस सारखी करावी तसं.

मी हात काढून घेतला. पळाले मात्र नाही. मी कधी कुठून पळालेली नाही.

६

"अजून झालं नाही का तुझं?"

ग्वेन्डा माझ्या शेजारी उभी होती. राईत जमिनीवर गळलेल्या सालींचा खच असतो. ससा गेला तरी कुरकुरतो. तिचं येणं मला ऐकू आलं नाही. मागे बघितलं तर दवात फक्त माझी पावलं होती.

ती झोळीकडे बघत होती, जेवायला बसलेलं माणूस पानाकडे बघतं तसं.

"जरा पडते आत," ती म्हणाली.

"नाही."

"अगं, वॉरिक यायला वेळ आहे."

"नाही म्हटलं ना."

"माझ्यासाठीच तर टांगलीस!" तिने काठाला हात लावला. "मला दुखत नाहीये नोला. तुला कळतंय का? इतकी वर्षं मी दातावर दात ठेवून तुझ्याबरोबर पत्ते खेळते, आणि आज मला दुखत नाहीये. मला आत जाऊ दे."

मी शिकलेली नाही, मला उपपत्ती मांडता येत नाहीत. पण एक गोष्ट मला तिथे उभ्या उभ्या पक्की ठाऊक होती: ती आत गेली तर त्या पट्ट्याचा आवाज जराही बदलणार नाही. आणि बाहेर काढायला मग कुणी उरणार नाही.

मी तिची बाही धरून ओढली. आमच्या ग्वेन्डाला ओढणं म्हणजे कपाट सरकवणं. पण आज दोरीवर वाळत घातलेला स्वेटर ओढावा तशी ती माझ्याकडे आली. पायसुद्धा घसटले नाहीत.

तिला कमरेत धरून खोपीत नेलं. ती ओरडत होती, "म्हातारे, वेड लागलंय तुला! सोड! मत्सर वाटतो तुला!" मी तिला पलंगावर ठेवली, बाहेरून कडी घातली आणि झोळीकडे परत गेले.

७

बक्कल निघेना. भार असला की बक्कल नवारीला चावतं, भार काढल्याशिवाय सुटत नाही. म्हणूनच तर ते सुरक्षित. माझ्या कमरेला कात्री कायम असते. एक वार, की पट्टा तुटला, झोळी खाली. मी पाती नवारीला लावलीसुद्धा.

आणि थांबले. जे आहे ते खाली आपटेल. त्यात त्या दोनदा बदललेल्या खुब्याचं काय होईल? आवाज इथे होईल, पण हाड कुठे मोडेल?

ते हळू उतरवायला हवं होतं. जड ओझं एकट्या माणसाने हळू उतरवायची एकच रीत मला येते: दोरीचे दोन वेढे बुंध्याभोवती घ्यायचे आणि टोक हातात धरून इंच इंच सोडायचं. बुंधा भार पेलतो. सालीचं काय होतं ते मला विचारू नका. ते मला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

आमच्या गाडीत पिशव्या बांधायला आणलेली दोरी होती, ती घेऊन आले. बारीक, नायलॉनची. दुसरी नव्हती. खोपीतून ग्वेन्डाचा आवाज येत होता, आणि तो बारीक होत चालला होता, दार लांब लांब जात असल्यासारखा.

मी झोळीच्या पायाकडच्या टोकाला दोरी बांधली. वॉरिकने दाखवलेल्या, त्या बाजूच्या नितळ झाडाला वेढे घातले. पाय बुंध्याला रोवले, आणि माझ्याच हाताने शिवलेला त्या टोकाचा पट्टा कापला.

दोरी किंचाळली. भार अंगावर आला, सबंध ग्वेन्डाचा, काट्याने दाखवला होता तेवढा. मी सोडत गेले. वेढे सालीत रुतले, फिरले, हिरवी-गुलाबी साल चिंध्या होऊन लोंबायला लागली, खालून ओलं पांढरं लाकूड दिसलं. माझे तळवेही सोलले. आम्ही दोघं मिळून, झाड आणि मी, तिला खाली घेत होतो. मी मोठ्याने म्हणत होते, "ये खाली. ये. उतर म्हणते ना."

पायाकडचं टोक गवताला टेकलं. दोरी ढिली पडली.

मी बुंध्याला गाल टेकून बघत होते, म्हणून जे दिसलं ते तिरकं दिसलं. कापडातला गुडघा सरळ झाला. मग झोळीच्या काठाला चार ठिकाणी चुण्या पडल्या, आतून कुणी बोटांनी धरावं तशा. काठ खाली दबला, उठायला जोर घ्यावा तसा, आणि एकदम सुटून वर उडाला. बोटं नव्हती. कुणी नव्हतं. पांढऱ्या दवात एक काळं पाऊल उमटलं. मग दुसरं, फरपटलेलं. मग पहिलं. खोपीच्या दिशेने, घाई न करता, उजवा पाय ओढत.

ते माझ्यापासून हातभर अंतरावरून गेलं. मी डोळे मिटले नाहीत, पण मान वर केली नाही हेही खरं.

धुक्यापलीकडे खोपीत फळी कण्हली.

आणि मग ग्वेन्डाने जी किंकाळी फोडली, ती खालच्या खोऱ्यातल्या गुरांनीही ऐकली असेल. पाठोपाठ शिव्या. खुब्याला, देवाला, डॉक्टरला, आणि सगळ्यांत जास्त मला.

८

वॉरिक आला तेव्हा मी तिथेच खाली बसले होते. त्याने झाड बघितलं. सालीतून पाणी झिरपत होतं. मग जाऊन दुसरंही तपासलं.

"दुसऱ्या झाडावर पट्ट्याखाली ओरखडाही नाही," तो शेवटी म्हणाला. "मग हे? दोरी? तुम्ही, नोला?"

"मी."

"का?"

"ओझं उतरवायचं होतं."

"मी आलो असतो की मदतीला! थोडा वेळ थांबायचं." तो खरंच कळवळला होता. चांगला माणूस आहे. "मला हे लिहावं लागेल. झोळ्या बंद होतील. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी मी तेच केलं असतं."

"लिही," मी म्हटलं. "आणि रुंद पट्ट्यालासुद्धा परवानगी देऊ नकोस. या राईत कुणी काही टांगायचं नाही. कुणीही विचारलं तरी."

त्याने माझ्या हातांकडे बघितलं आणि मलमपट्टीची पेटी आणायला गेला. जाताना त्याने झोळी सोडवून उचलली, मी हात पुढे केला आणि ती परत घेतली. घरी गेल्यावर ती मी चुलीत घातली. माझ्या हातचं उत्तम काम होतं ते.

गाडीत सबंध उतारभर ग्वेन्डा दर खड्ड्याला दात आवळून श्वास घ्यायची, तेवढाच आवाज. घराच्या दाराशी गाडी थांबवली तेव्हा ती समोर बघत म्हणाली,

"तिथे मला दुखत नव्हतं."

"ठाऊक आहे."

"आता परत कधी जाता येणार नाही. वॉरिकने सांगितलं मला, झाड कुणी सोललं ते."

"हो."

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

"माझ्या भावाने तुझ्यात काय बघितलं होतं, देव जाणे."

मी तिच्या बाजूचं दार उघडलं आणि खांदा पुढे केला. ती हलेना. मग तिने काठी मागच्या सीटवर फेकली, दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले आणि होतं नव्हतं ते सगळं वजन सूड उगवल्यासारखं माझ्यावर सोडून दिलं. माझे गुडघे मोडायला आले. पट्ट्या बांधलेल्या तळव्यांतून रक्त आलं.

"जड आहे ना?" ती माझ्या कानात खेकसली. "उचल आता."

मी उचललं.